वाऱ्याकडे पाठ

आमच्या घरापेक्षा आमची चक्री मोठी होती. अमडापुरातल्या आमच्या घराच्या दोन खोल्या आणि ओसरी एकत्र धरली तरी चक्रीच्या फळ्यांवर त्या सहज मावल्या असत्या. जत्रेत मुलं बसतात ती घोड्यांची चक्री. मधे सागाचा जाड खांब, त्याच्याभोवती फळ्यांचा गोल तळ, तळावर लाकडी घोडे आणि एकच हत्ती. हत्तीची सोंड कधीतरी तुटली होती, म्हणून त्याच्यावर बसायला कोणी राजी नसे. सगळे घोडे भरल्यावर रडत रडत एखादं मूल त्याच्यावर चढे आणि चक्री फिरायला लागली की तेही हसायला लागे. ही चक्री माझ्या आजोबांनी बनवली होती. बाबांनी तिची प्रत्येक फळी एकदा तरी बदललेली असेल, पण ते तिला नेहमी 'बापाची चक्री'च म्हणत. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की चक्री सुटी करून बैलगाडीवर चढायची आणि गावोगाव हिंडायची, पार साखरखेर्ड्यापर्यंत. चैत्रानंतर ती परत यायची. पावसाळाभर तिचे भाग ओसरीत आणि माळ्यावर पडलेले असायचे, आणि बाबा वखर, तिफणी, खाटा दुरुस्त करत सुतारकीवर घर चालवायचे.

लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात घोडे भिंतीला टेकून उभे असतात. रात्री उठून पाणी प्यायला गेलं की अंधारात त्यांचे पांढरे डोळे दिसायचे आणि त्यांची भीती कधी वाटली नाही. माय त्यांच्या पाठीवर ओली लुगडी वाळत घालायची. चुलीशेजारचा तपकिरी घोडा धुरानं इतका काळा झाला होता की दर कार्तिकात त्यालाच पहिला रंग लागे. तेव्हा घरभर तेलरंगाचा वास सुटायचा आणि त्यात मायच्या कळण्याच्या भाकरीचा वास मिसळायचा. ज्वारी आणि उडदाची ती करडी भाकर, वर लसणाचा ठेचा आणि कच्चं तेल. आजही कुठे नवीन दरवाज्याला रंग लागत असला की मला भूक लागते. माझ्या सुनेला याचं फार हसू येतं.

जत्रेत मात्र घरचं जेवण कमी. नवस फेडायला आलेली माणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजायची, मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटायची, आणि चक्रीवाल्याच्या लेकरांना कोणी ना कोणी हाक मारायचंच. तुपात बुडवलेला रोडगा मोडला की आतून वाफ यायची. हातात तो रोडगा, कानात चक्रीचं कुरकुरणं, आणि त्यावर बाबांचा आवाज: धरा, घट्ट धरा. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं तर मी त्या कुरकुरण्याचंच नाव घेईन. बाबा एरंडेल घालून घालून तो आवाज कमी करायचे, पण पूर्ण कधी घालवायचे नाहीत. आवाज नसला तर पोरायले चक्री फिरते हे समजत नाई, असं त्यांचं म्हणणं.

चक्री ढकलण्याचं काम माझ्या मोठ्या भावाचं, गजादादाचं. तो आडवा दांडा धरून पळायचा, वेग आला की उडी मारून तळावर चढायचा आणि एका पायावर उभा राहून हात सोडून द्यायचा. बाया-माणसं त्याच्याकडे बघत उभी राहायची. चक्री नेहमी एकाच बाजूनं फिरायची, देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी, खांब उजव्या हाताला ठेवून. हा आजोबांचा नियम होता. उलटी फिरवली तर लेकरू पडतं, बरकत जाते, असं आजोबा सांगून गेले होते. दादानं एकदा रिकामी चक्री गंमत म्हणून उलटी ढकलली, तेव्हा बाबांनी दांड्यावरचा त्याचा हात धरून थांबवला. ते रागावले नाहीत. फक्त थांबवला आणि खांबाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

दादाला यंत्रांचं वेड होतं. मलकापूरला जाऊन तो स्टेशनाजवळच्या एका वर्कशॉपात फिटरचं काम शिकला, आणि तिथंच कुणाच्या तरी ओळखीनं त्याला मुंबईत मालवाहू जहाजावर, इंजिनघरात काम मिळायचं ठरलं. आमच्या घरात कुणी समुद्र पाहिला नव्हता. माझ्या मते तोवर आमच्या गल्लीतही कुणी पाहिला नव्हता. दादानं हे घरी सांगितलं तेव्हा बाबा घोड्याचा पाय रंधत होते. त्यांनी रंधा थांबवला नाही. चक्री कोण ढकलणार एवढंच विचारलं. दादानं सांगितलं की माणूस ठेवता येईल. मग दोघांचं बराच वेळ चाललं, आणि शेवटी दादा जे बोलला ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं.

"चक्री लोकायले फिरवते बाबा. आपल्याले एका जागीच ठेवते."

बाबांचा रंधा तेव्हा थांबला. "मंग जाय," ते म्हणाले. "पण जाशील त मंग इकडं पाहू नको."

दादा ज्येष्ठात गेला. मायनं त्याच्या पिशवीत सातूचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरली. बाबा त्या सकाळी लवकरच शेजारच्या गावी एक तिफण बघायला निघून गेले होते. त्यानंतर घरात दादाचं नाव त्यांनी घेतलं नाही. जेवताना त्याची थाळी पुढे आली तर ती तशीच उचलून मायकडे सरकवायचे, बस.

गावात कासमभाईंच्या किराणा दुकानात फोन होता. जहाज एखाद्या बंदराला लागलं की, आणि सणावाराला, दादा तिथं फोन करायचा. कासमभाई पोऱ्याला धाडायचे, आणि माय हातातलं टाकून, पदर सावरत, मला ओढत निघायची. फोनवर ती फार बोलायची नाही. जेवला का, ताप तर नाही ना, तिथं थंडी आहे का. तो तिकडून काय काय सांगायचा ते मी कान लावून ऐकायचे. समुद्रात नद्या असतात, असं त्यानं एकदा सांगितलं. खऱ्या नद्या, काठ नसलेल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं वर येताना अशी एक नदी लागते, तिच्या ओघात जहाज सापडलं की इंजिनाला आराम मिळतो. आणि वर्षाच्या दुसऱ्या भागात तीच नदी उलटी वाहायला लागते. मायनं हे ऐकून फोन माझ्या कानाला लावला, कारण तिला वाटलं पोराला ताप चढलाय. घरी आल्यावर ती बाबांच्या समोर बसून मला मोठ्यानं सगळं पुन्हा सांगायला लावायची. मी सांगायचे. बाबा खाली मान घालून बिडी वळत राहायचे, पण बिडी वळून झाली तरी उठायचे नाहीत.

त्या वर्षी मला भूगोलाला इंगळे सर होते. उंच, किडकिडीत, बोलताना दोन्ही हात हवेत. वारे हा धडा त्यांनी फळ्यावर शिकवला आणि वर्गातल्या कुणालाच तो कळला नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा गावची जत्रा होती आणि देवळामागच्या मैदानात आमची चक्री उभी होती. सकाळी गिऱ्हाईक नसतं. सर अख्खा वर्ग घेऊन तिथं आले आणि बाबांना नमस्कार करून म्हणाले की तुमची चक्री थोडा वेळ पृथ्वी म्हणून पाहिजे. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चक्रीकडे, आणि हो म्हणाले. पण सरांनी चक्री उलट्या बाजूनं फिरवायला सांगितल्यावर त्यांनी नाही म्हटलं. हात जोडून, आदरानं, पण नाही. सरांनी कारण विचारलं नाही. ते म्हणाले, बरं, मग आपण पृथ्वीचा खालचा अर्धा भाग बघू.

त्यांनी मला मधल्या खांबाजवळ बसवलं आणि माझी मैत्रीण लता हिला समोर, अगदी कडेला. माझ्या हातात रबरी चेंडू दिला. चक्री फिरू लागली. सर म्हणाले, सरळ लताकडे सोड. मी नेम धरून चेंडू फळ्यांवरून घरंगळत सोडला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे वळला आणि लताच्या बाजूनं खाली पडला. मी पुन्हा सोडला. पुन्हा तेच. खाली उभी असलेली मुलं ओरडत होती की चेंडू सरळच जातोय, लताच बाजूला जाते आहे. आणि मी वरून सांगत होते, नाही, वळतोय. सरांना हेच पाहिजे होतं. खाली उभ्या माणसाला चेंडू सरळ दिसतो, पण आपण कधीच खाली उभे नसतो, ते म्हणाले. आपण चक्रीवर बसलेलो आहोत, जन्मापासून. म्हणून आपल्याला वारा वळताना दिसतो, समुद्रातलं पाणी वळताना दिसतं. खालच्या अर्ध्या पृथ्वीवर डावीकडे, आपल्या वरच्या अर्ध्यावर उजवीकडे. पावसाळ्याचा वारा खालून निघतो, मधली रेषा ओलांडतो, उजवीकडे वळतो, आणि म्हणून आपल्याकडे तो पश्चिमेकडून, कोकणावरून येतो. पृथ्वी थांबली असती तर तो सरळ दक्षिणेकडून आला असता आणि आपल्या शेतात काय पिकलं असतं कोण जाणे. दादाच्या समुद्रातल्या नद्यांचं मी विचारलं, तेव्हा सर इतके खूश झाले की त्यांनी दोन्ही हात वर केले. वारा पाण्याला ढकलतो, म्हणाले, आणि पृथ्वी दोघांनाही वळवते.

बाबा हे सगळं दांडा धरून ऐकत होते. सर गेल्यावर त्यांनी फळीवर पडलेला चेंडू उचलून मला दिला आणि कामाला लागले.

पुढे आयुष्यभर मी मुलींना भूगोल शिकवला, मलकापुरात, आणि हा धडा दरवर्षी आला. चक्री कुठून आणणार? मी पितळेची परात फिरवून तिच्यावर खडूनं रेघ ओढून दाखवायचे. परात फिरत असताना सरळ ओढलेली रेघ वाकडी उमटली की वर्गात जो आवाज उठायचा, तो मला पगारापेक्षा प्रिय होता. आता नातू मोबाइलवर मला रंगीत नकाशे दाखवतो. ढगांची भोवरी फिरताना त्यात जशीच्या तशी दिसते. अरबी समुद्रात हल्ली अशी वादळं जास्त उठतात असं लोक बोलतात. पाणी तापलंय म्हणतात. नातू मला विचारतो, आजी, हे कुठे वळेल? मी चष्मा लावून बघते. पण 'चक्रीवादळ' हा शब्द घरात पहिल्यांदा ऐकला तेव्हा नकाशा नव्हता. फक्त एक रेडिओ होता.

दुसऱ्या वर्षीचा कार्तिक होता. चक्री रंगासाठी अंगणात मांडली होती, जत्रा सुरू व्हायच्या होत्या. दसऱ्याला दादाचा फोन आला होता की आता आफ्रिकेतल्या एका बंदरातून माल भरून मुंबईकडे निघू, दिवाळीनंतर लगेच पोहोचू. दिवाळी होऊन गेली. सकाळी माय भाकरी थापत होती आणि ओसरीत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. अरबी समुद्रात चक्रीवादळ, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. मायचे हात थांबले. तिनं मला विचारलं, काय म्हणला तो, चक्रीचं काय म्हणला? आमच्या घरात चक्री म्हणजे पोटाला देणारी गोष्ट. तो शब्द वादळाच्या आधी लागलेला तिनं पहिल्यांदाच ऐकला होता. मी तिला अर्थ सांगितला. तव्यावरची भाकर करपली तरी तिनं ती उलटली नाही.

त्या दिवसापासून बातम्यांच्या वेळी घरात कुणी हलायचं नाही. कासमभाईंनी मुंबईला, जहाजाच्या कंपनीच्या हपिसात फोन लावून दिला. तिकडून सांगितलं की जहाजाशी बोलणं होत नाहीये, कळलं की कळवू. माय जेवायला बसायची आणि घास हातात घेऊन बसून राहायची. मी शाळेत जाऊन सरांना विचारून यायचे. वादळाच्या उजव्या अंगाला जोर जास्त असतो आणि डाव्या अंगाला कमी, जहाजवाले डावं अंग शोधतात, एवढं सरांनी मला नकाशा काढून समजावलं आणि मग खडू खाली ठेवून म्हणाले, बेटा, यापलीकडे मला नाही माहीत.

एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबा चक्रीच्या तळावर बसले होते. हातात ब्रश होता, पण घोडा कोरडाच होता. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सुमे, तुह्या सरानं सांगतलं व्हतं ना, वरच्या अंगाले कोणीकडं वळते म्हून?"

"उजवीकडं, बाबा. पण त्यासाठी चक्री उलटी फिरवा लागते."

ते उठले. खांबाला हात लावला, तो कपाळाला लावला. मग दांड्यापाशी गेले आणि दांड्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले, जिथं त्यांना मी कधी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मायला हाक मारली. माय दारात आली आणि बघतच राहिली. त्यांनी तिला फळीवर बसायला सांगितलं. चक्रीवाल्याची बायको असून ती चक्रीत कधी बसली नव्हती. गिऱ्हाइकाची जागा आपण अडवू नये, असं तिचं म्हणणं. ती पदर खोचून कडेला, मोडक्या सोंडेच्या हत्तीला धरून बसली. मी खांबाजवळ बसले. बाबांनी ढकललं.

चक्रीचा आवाज वेगळा आला. तोच आस, तेच एरंडेल, पण उलट्या बाजूनं तो जाड आणि खालच्या पट्टीत कुरकुरला. मी चेंडू मायकडे सोडला. तिनं दोन्ही हात पुढे केले, आणि चेंडू माझ्या उजवीकडे वळून तिच्या हातांना चुकवून गेला. पुन्हा सोडला. माय दुसऱ्या वेळी वाकली, तरी चुकला. बाबा पळत नव्हते, चालत होते, आणि चालता चालता चेंडूकडे बघत होते. मग त्यांनी चक्री थांबवली आणि मला म्हणाले, आता वादळ सांग.

मी खडू घेतला. फळ्यांवर एक छोटा गोल काढला. इथं हवा हलकी होऊन वर गेली, म्हणून चारी बाजूंनी हवा इथं धावते, मी म्हटलं. पण धावताना प्रत्येकजण आपल्या उजवीकडे वळतो. मग मधे सरळ कोणीच पोचत नाही, सगळे भोवती फिरायला लागतात. मी बाण काढत गेले आणि फळ्यांवर एक भोवरा तयार झाला, आत्ता फिरवली तशाच बाजूनं फिरणारा. बाबांनी त्या बाणांवरून बोट फिरवलं. बोटाला खडू लागला. जोर कोणत्या अंगाला जास्त तेही मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मान वर केली.

"अन आपला गजा कोन्या अंगाले हाय?"

दीड वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून आलं. मायनं हत्तीला धरलेला हात सोडला नाही.

"ते मले नाई माहीत, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जसं काही मी बरोबर उत्तर दिलं होतं. मग त्यांनी मला आणि मायला उतरायला हात दिला, तोंड धुतलं, टोपी घातली आणि कासमभाईंच्या दुकानाकडे गेले.

त्यानंतर ते रोज तिथंच असायचे. दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचे, झाकलं की घरी यायचे. तेल घ्यायला आलेल्यांना वाटायचं उधारी मागायला बसलेत. कासमभाई शहाणे, त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. दुकानाचं मोडलेलं स्टूल आणून त्यांच्यासमोर ठेवलं, तेवढं नीट करून द्या म्हणाले, आणि बाबांच्या हाताला काम दिलं. स्टूल झालं, मग वजनकाट्याची पेटी, मग गल्ल्याचं झाकण. माय दुपारची भाकर माझ्याबरोबर तिकडेच पाठवायची. ते आणि कासमभाई एकाच फडक्यातून खायचे. चक्री अंगणात अर्धी रंगलेली उभी होती. जत्रेचे लोक येऊन विचारून गेले. मायनं त्यांना पुढच्या आठवड्याचं सांगितलं, कोणत्या पुढच्या ते सांगितलं नाही.

रेडिओ म्हणाला वादळ वरच्या बाजूला वळलं. मग म्हणाला विरलं. फोन आला नाही. वादळ विरल्यानंतरचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले, कारण आता वाट पाहायला काही उरलं नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि ते आम्हाला माहीत नव्हतं.

फोन आला तेव्हा मी भाकर घेऊन तिथंच होते. कासमभाई मागे गोदामात होते. घंटी वाजली, आणि बाबांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि इकडेतिकडे पाहिलं. फोन उचलायची त्यांना सवय नव्हती. मी धावणार तोच त्यांनी उचलला आणि उलटा धरला. मी तो त्यांच्या हातात सरळ केला. तिकडून आवाज आला, आणि तो कुणाचा हे मला कळलं, कारण बाबांचा मोकळा हात काट्याच्या पेटीवर टेकला आणि तिथंच राहिला. तिकडून हॅलो, हॅलो चाललं होतं. मग ते म्हणाले की घोडे रंगवायचे राह्यले आहेत. तपकिरी झाला, बाकीचे राह्यले. एवढं सांगून त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि पायरीवर जाऊन बसले. कासमभाई गोदामातून आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ते गुळाचा खडा घेऊन बाबांच्या शेजारी जाऊन बसले. जहाज वादळापासून पळालं होतं, इंजिन बिघडलं होतं, वायरलेस बंद पडला होता, आणि ते अरबस्तानातल्या एका बंदराला जाऊन लागलं होतं. दादा हे सांगत होता आणि मी ऐकत होते, पण मधेच तो थांबून विचारायचा, फोन खरंच बाबांनी उचलला होता का?

तो घरी आला ज्येष्ठाच्या अखेरीस. काळा पडला होता, रुंद झाला होता, आणि एका हाताच्या पाठीवर भाजल्याची खूण होती. बाबा त्याला आणायला गेले नाहीत, पण सकाळपासून अंगण झाडत होते. दादानं पाया पडून घेतलं, बाबांनी असू दे असू दे म्हटलं, आणि दोघं आपापल्या जागी जाऊन बसले, मधे जेवढं अंतर पाहुण्यांत असतं तेवढं ठेवून. मायनं पुरण शिजवलं होतं. जेवण झाल्यावर सगळे अंगणात आलो. आमच्या पठारावर त्या दिवसांत पश्चिमेचा वारा सुटतो, दिवसभर एकसारखा; दोरीवरचे कपडे आडवे उभे राहतात. बाबा बिडी पेटवायचा प्रयत्न करत होते आणि काडी विझत होती. तशाच वाऱ्यात त्यांनी दादाकडे न बघता विचारलं की भर समुद्रात, काहीच दिसत नसताना, वादळ कुठे आहे हे त्यांना कळलं कसं.

दादानं सांगितलं. जहाजावर कोकणातला एक जुना सारंग होता, खलाशांचा मुकादम. वारा वाढायला लागला, हवेच्या दाबाचा काटा खाली गेला, तेव्हा कप्तान वर येऊन वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्यानं डावा हात सरळ बाजूला धरला. सारंगानं दादाला समजावलं: आपल्या अर्ध्या पृथ्वीवर वाऱ्याकडे पाठ केली की वादळाचं पोट डाव्या हाताला असतं. नेहमी. पृथ्वी ज्या बाजूनं फिरते त्यामुळे. खालच्या अर्ध्यावर गेलं की उजव्या हाताला. तेवढं कळल्यावर कप्तानानं वारा जहाजाच्या उजव्या खांद्यामागून घेतला आणि वादळाला डावीकडे सोडून जहाज पळवलं. दादाला वाटलं हे सगळं मला नवीन असेल, आणि तो मला सांगू लागला. बाबांनी त्याला थांबवलं.

ते उठले. विझलेली बिडी कानावर ठेवली. अंगणाच्या मध्यावर जाऊन त्यांनी वाऱ्याकडे पाठ केली. सदरा पाठीला चिकटला, टोपी पुढे सरकली. त्यांनी डावा हात उचलून बाजूला सरळ धरला, मलकापूरकडे, आणि तसेच उभे राहिले. माय भांडी घासता घासता थांबली.

"असं?" त्यांनी विचारलं.

"थोडा फरक हाय, बाबा," दादा म्हणाला. "वारा आतमधी वढते, म्हून हात जरासा पुढं."

बाबांनी हात हलवला नाही. कसा आणि किती पुढे हे त्यांना कळलं नसावं. दादा जागेवरून उठला, त्यांच्या मागे गेला, आणि भाजल्या हातानं त्यांचं कोपर धरून हात हळूच पुढे नेला, नागपूरच्या अंगाला.

"हे असं," तो म्हणाला.

हात बरोबर जागी आला होता. दादानं कोपर सोडलं नाही, बाबांनी हात खाली घेतला नाही, आणि दोघं वाऱ्याकडे पाठ करून, एकाच बाजूला बघत, कितीतरी वेळ उभे होते.